गोचीड, ताप आणि माणूस : प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गोठ्यात जाऊन गोचीड तापाविषयी विचारा, उत्तराला वेळ लागत नाही. संकरित गाय अचानक चारा सोडते, अंग तापते, खांद्यापुढची गाठ सुजते, दूध आटते. पशुवैद्य येतो, रक्ताचा नमुना घेतो, थायलेरियाचे निदान होते आणि बुपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन दिले जाते. देशी गाईपेक्षा होल्स्टिनच्या रक्ताच्या गाईला हा आजार जास्त झोडपतो, हे कागलच्या किंवा करवीरच्या दूध उत्पादकाला कुणी शिकवावे लागत नाही. पण ज्या घरात जनावराच्या गोचीड तापाचे एवढे ज्ञान आहे, त्याच घरातल्या माणसाला तीन-चार दिवस सणसणून ताप आला, तर गोचिडाचा विचार कुणाच्याही मनात येत नाही. घरच्यांच्या येत नाही, आणि बहुतेक वेळा डॉक्टरांच्याही येत नाही. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड ही तीन नावे घेतली जातात, टायफॉइडसाठी विडालची चाचणी केली जाते आणि तिच्या अर्ध्यामुर्ध्या निकालावर सलाइन सुरू होते.

गोठ्यातले हे ज्ञान घरातल्या खाटेपर्यंत का पोचत नाही, या प्रश्नातून हे पुस्तक उभे राहिले. गोचिडांमुळे माणसाला होणारे आजार आणि ते सोसून पुन्हा उभे राहू पाहणारी माणसे, असे त्याचे दोन विषय आहेत. आमच्या लेखी ते दोन नसून एकच आहेत. वैद्यकातली पदवी नसलेल्या वाचकालाही या क्षेत्रात आत येता यावे, म्हणून ही प्रस्तावना जरा लांब झाली आहे.

प्रथम गोचिडाची ओळख. हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू ज्या गणगोतातले, त्यातलाच हा एक. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याला सहा पाय असतात, पुढच्या अवस्थेत आठ होतात. माणसाला आजार देणाऱ्या बहुतेक जातींच्या आयुष्यात तीन टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यात एकदाच पोटभर रक्त लागते. पहिल्या टप्प्यातले पिल्लू उंदीर, चिचुंद्री किंवा जमिनीवर चरणारा पक्षी गाठते. रक्त पिऊन गळून पडते, पाचोळ्यात कात टाकते आणि मधल्या अवस्थेत पुन्हा नवे जनावर शोधते. ही मधली अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली बसली तर दिसतही नाही आणि तिचा चावा दुखतही नाही. पूर्ण वाढ झालेला गोचीड मग गाय, म्हैस, हरीण अशा मोठ्या जनावराकडे जातो. म्हणजे एका गोचिडाच्या आयुष्यात तीन वेगवेगळे यजमान येऊ शकतात. उंदरात असलेला जंतू माणसापर्यंत येतो तो या वाटेने. या विषयात पुढे येणारी प्रत्येक गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते, म्हणून ती नीट समजून घेतल्याशिवाय वाचकाने पुढे जाऊ नये.

आपल्या भूभागातला या विषयाचा इतिहास १९५७ साली सुरू होतो. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. त्या जंगलालगतच्या गावकऱ्यांनी पाहिले की वानरे आणि माकडे मरून पडत आहेत. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात बातमी पोचली. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढले होते. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. माकडे मरतात आणि माणसे तापतात म्हटल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत थैमान घालणारा हा रोग आशियात कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. केंद्रातले टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून विषाणू वेगळा काढला, तेव्हा तो पीतज्वराचा निघाला नाही. रशियात गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो भाऊबंद होता. त्याला क्यासनूर जंगलाचेच नाव मिळाले. आपल्याकडे तो माकडताप म्हणून ओळखला जातो.

त्यानंतरची दोन दशके हा भारतीय रोगपरिस्थितिकीचा सुवर्णकाळ होता, असे मी म्हणेन, आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही याचे मला वाईट वाटते. शिमोगा जिल्ह्यातच सागर येथे क्षेत्रीय केंद्र उभारून टी. रामचंद्र राव, हॅरॉल्ड ट्रॅपिडो, पी. के. राजगोपालन, होर्हे बोशेल यांच्यासारख्या माणसांनी पाचोळा चाळला, जमिनीवरून पांढरे कापड ओढत गोचीड गोळा केले, उंदीर पकडले, पक्षी तपासले. विषाणू स्थलांतरी पक्ष्यांबरोबर उत्तरेकडून आला की काय, या शंकेपोटी सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याच्या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. या कष्टांतून ठरले की मुख्य वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाचा गोचीड आहे आणि त्याची मधली अवस्था पावसाळा सरल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत सक्रिय असते. बोशेल यांनी १९६९ साली मांडलेला विचार तर आजही प्रत्येक वनाधिकाऱ्याने वाचावा असा आहे. जंगल तोडून शेत झाले, शेताच्या कडेने झुडपे वाढली, त्या झुडपांत गुरे चरायला आली. गुरांना हा आजार होत नाही, पण त्यांच्या रक्तावर प्रौढ गोचीड पोसले जातात आणि त्यांची संख्या वाढते. मूळ जंगलात कदाचित शांतपणे फिरत राहिलेला विषाणू अशा तुटक्या जंगलात माणसाच्या वाटेत येतो.

शिमोग्याचा म्हणून ओळखला जाणारा हा आजार अनेक दशके त्या परिसरातच राहिला. मग २०१२ साली तो बंदीपूरला आणि २०१३ मध्ये केरळात वायनाडला आढळला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात रुग्ण सापडले. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात तो निघाला, तेव्हा महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने त्याची पहिल्यांदा नोंद घेतली. पुढच्याच वर्षी बांदा परिसर हादरला. दोडामार्ग आणि कोल्हापूरचा चंदगड तालुका यांच्यामध्ये एक तिलारी घाट आहे. घाटाच्या वर आणि खाली काजूच्याच बागा आहेत. कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती याच डोंगरांतून चंदगड-आजऱ्यात आले. जंगल एकच आहे. जिल्ह्याची रेषा फक्त नकाशावर आहे.

आणि माणसेही येजा करतात. गोव्याच्या काजूबागांत काम करायला घाटावरून मजूर उतरतात. २०१६ मध्ये अशाच कामावर गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांना माकडतापाने गाठले होते. काजूचा हंगाम आणि गोचिडाचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. फेब्रुवारी ते मे या काळात बोंडू गळून पाचोळ्यात पडतात, आणि ते वेचायला दिवसभर वाकून पाचोळ्यात हात घालावा लागतो. कोकणात भाजावळीसाठी पातेरा गोळा करणाऱ्या बाया, जळणाला जाणारी मुले, गुरे राखणारे गवळी धनगर यांचेही तेच. या आजाराला बळी पडणाऱ्यांची यादी केली, तर ती जवळजवळ पूर्णपणे हातावर पोट असलेल्यांची यादी होते. आजार कुणाला होतो हे जंतूइतकेच मजुरीही ठरवते, हे या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

माकडतापाचे रूप थोडक्यात सांगतो. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप भरतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. बहुतेक जण दोन आठवड्यांत सावरतात. पण दहा-वीस टक्के रुग्णांमध्ये मध्ये आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यानंतर ताप पुन्हा उलटतो, आणि या वेळी मान आखडते, हात थरथरतात, भ्रम होतो. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के सांगितले जाते. विषाणूवर थेट औषध नाही. पाणी, विश्रांती, रक्तस्रावावर आणि प्लेटलेटवर नजर, आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या कटाक्षाने टाळणे, हाच उपचार. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली गेलेली जुनी लस पुरेशी प्रभावी नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली आणि नव्या लसीवर काम सुरू आहे. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. हे वाक्य गावोगाव मोठ्याने सांगायला हवे, कारण तापातून उठलेल्या मजुराला कामावर न घेणे, त्याच्या घरी पाणी न पिणे असले प्रकार निव्वळ अज्ञानातून होतात. तसेच माकडांना मारणे. माकड या आजाराचा गुन्हेगार नाही. ते आपल्याआधी मरते, आणि त्याच्या मरणातूनच आपल्याला इशारा मिळतो.

आता जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गोचीड-आजाराकडे वळू या. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम नावाचे छोटे गाव आहे. तिथे राहणाऱ्या पॉली मरे या गृहिणीच्या घरात वर्षानुवर्षे सगळे आजारी होते. कुणाला पुरळ, कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाला न संपणारा थकवा. डॉक्टरांनी तो तिच्या मनाचा आजार ठरवला. तिने तारखा, लक्षणे, शेजारपाजारच्या मुलांची दुखणी वहीत टिपून ठेवली. १९७५ मध्ये तिने आणि ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या आईने आरोग्य खात्याकडे धाव घेतली. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला, तेव्हा शेजारशेजारच्या तीन गावांत सांधे सुजलेले ५१ जण सापडले, त्यातली ३९ मुले होती. १९८१ मध्ये शास्त्रज्ञ विली बुर्गडॉर्फर यांना गोचिडांच्या आतड्यात मळसूत्रासारखे जंतू दिसले आणि कोडे सुटले. त्या जंतूला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

लाइम हा जिवाणूचा आजार आहे, म्हणून त्याला औषध आहे. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लिनचा दोन-तीन आठवड्यांचा क्रम घेतला तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. त्याची खूण म्हणजे चाव्याभोवती हळूहळू पसरत जाणारा चट्टा. पाठ्यपुस्तकांतली चित्रे गोऱ्या कातडीवरची असतात. सावळ्या त्वचेवर हा चट्टा लाल न दिसता जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो आणि त्यामुळे निदान लांबते. कोल्हापूरच्या वाचकाला याचे काय, असे कुणी विचारेल. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट या लाइमच्या पट्ट्यातच मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, आणि इथले आईवडील नातवंडांसाठी सहा-सहा महिने तिथे जाऊन राहतात, तेही बहुधा मे ते ऑक्टोबर या नेमक्या हंगामात. परत आल्यावर महिन्याभराने गुडघा सुजला किंवा तोंड वाकडे झाले, तर इथल्या डॉक्टरांना प्रवासाची हकीकत सांगायला हवी. भारतात लाइमचे रुग्ण मोजके नोंदले गेले आहेत. बंदीपूर-नागरहोळेच्या जंगलात काम करणाऱ्यांच्या रक्तात त्याच्या प्रतिपिंडांचा माग लागला आहे, पण प्रतिपिंड सापडणे म्हणजे आजार असणे नव्हे, एवढा विवेक इथे राखावा लागतो.

लाइमने वैद्यकाला एक अवघड धडा शिकवला, आणि माझ्या मते या पुस्तकाचा गाभा तोच आहे. योग्य उपचार घेऊनही काही रुग्णांना, साधारण शंभरात पाच ते दहा जणांना, महिनोन्महिने थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा राहतो. तपासण्यांत काही दिसत नाही. मग एकीकडे त्यांना ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगणारे डॉक्टर भेटतात आणि दुसरीकडे वर्ष-वर्षभर शिरेतून प्रतिजैविके देणारे. अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचण्यांनी दाखवले की दीर्घकाळ दिलेल्या प्रतिजैविकांचा या रुग्णांना टिकाऊ फायदा होत नाही. माझे मत स्पष्ट आहे: दुखणे खरे आहे आणि लांबलेली प्रतिजैविके हा त्याचा इलाज नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात बोलता आली पाहिजेत. चिकुनगुनियाची २००६ ची साथ ज्याने भोगली, त्या महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. ताप चार दिवसांत गेला, पण सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला धरणारी माणसे आपण घरोघर पाहिली आहेत.

माकडतापातून उठलेल्या काजू-मजुराला तर ‘ताप गेला, आता अंगात ताकद नाही’ एवढेही सांगायची सोय नसते. हंगाम बुडालेला असतो, उचल घेतलेली असते आणि मुकादम वाट पाहत असतो. अशा माणसाच्या आधारासाठी काय लागते? मोठे काही नाही. रुग्णालयातून सोडताना ताप पुन्हा उलटू शकतो, मान आखडली किंवा बडबड सुरू झाली तर त्याच दिवशी परत यावे, हे घरातल्या बाईला नीट समजावून सांगणे. आशाताईंनी महिनाभर आठवड्यातून एकदा घरी डोकावणे. काही आठवडे हलके काम, आणि ते शक्य व्हावे म्हणून बुडालेल्या मजुरीची भरपाई. हत्तीने पीक तुडवले तर भरपाई देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. जंगलातल्या गोचिडाने हंगाम बुडवला तर काहीच मिळू नये, हे मला न्याय्य वाटत नाही.

गोचिडांमुळेही होणाऱ्या, रिकेट्सिया कुळातल्या जिवाणूंच्या तापांवर पुढे वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे एवढेच सांगतो की तळहात-तळपायांवर पुरळ आणि ताप असलेल्या मुलाला डॉक्सीसायक्लिन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो, आणि हे ताप ओळखण्यासाठी गुणांकन पद्धत तयार करणाऱ्यांत अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेले काम सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी बसून, रुग्णाच्या खाटेशेजारी जागून, जगाने मान्य करावे असे वैद्यक उभे करता येते याचे हे पुरावे आहेत. क्यासनूरचे गावकरी आणि लाइमची पॉली मरे हेही त्याच परंपरेतले. या क्षेत्रातली पहिली नोंद दर वेळी प्रयोगशाळेच्या बाहेर, नीट पाहणाऱ्या माणसाने केली आहे.

म्हणून हे क्षेत्र फक्त डॉक्टरांचे नाही. गोकुळ दूध संघाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या पशुवैद्याला गोचिडांचे जे ज्ञान आहे, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला नसते. त्या दोघांनी एका टेबलावर बसावे. शिवाजी विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोधनिबंधासाठी विषय हवा असेल, तर राधानगरी-दाजीपूरच्या कडेच्या गावांत कुठल्या महिन्यात कुठले गोचीड किती सापडतात, हा आयुष्य पुरेल असा विषय आहे. भूगोलाच्या अभ्यासकाने जंगलाचे तुकडे मोजावेत, अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने बुडालेली मजुरी मोजावी. माकडतापाच्या विषाणूची खात्रीची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत होते आणि २०१२ पासून तिची पाषाणला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. पण तिथे नमुना पाठवायचे सुचायला गावातल्या डॉक्टरला आधी शंका यावी लागते.

तेव्हा वाचकांना विनंती. रानात किंवा बागेत माकड, वानर मेलेले दिसले तर हात लावू नका. वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा, मुलांच्या कानामागे आणि केसांत पाहा. गोचीड चिकटलेला असेल तर रॉकेल, चुना, पेटती विडी यांपैकी काहीही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. आणि जे डॉक्टर हे वाचत असतील त्यांनी तापाच्या प्रत्येक रुग्णाला विडालच्या आधी एक प्रश्न विचारावा: गेल्या महिनाभरात कुठे काम केले, कुठे गेला होता?